खोली सुधारणारे यंत्र : एक घरगुती परीक्षण

आमच्या बाबांची एक जुनी तक्रार आहे. संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या, की ते कानामागे हात धरतात आणि म्हणतात, "आवाज तर येऊन राहिला, शब्दच समजून नाही राहिले." त्यांचे वय ब्याऐंशी. कानांची तपासणी करून घेतली, तर वयाच्या मानाने ऐकू बरे येते असे निघाले. मग आम्ही आवाज वाढवला. आवाज वाढला तशी तक्रारही वाढली.

दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला, तो एक यंत्र घेऊनच. जाड शब्दकोशाएवढी पेटी, सोबत दोन स्पीकर आणि एक लहानसा मायक्रोफोन. "काका, हे खोलीचा आवाज दुरुस्त करते. उन्हाळ्यापर्यंत वापरा, पसंत पडले तर ठेवून घ्या." किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. तेव्हा परीक्षण काळजीपूर्वक करणे भाग होते. कंपनीचे नाव येथे देत नाही. स्वीडनमधील डिराक, अमेरिकेतील ऑडिसी, डेन्मार्कमधील लिंगडॉर्फ अशा अनेकांनी खोली-दुरुस्तीच्या पद्धती विकसित केल्या आहेत, आणि आपल्याला तपासायचे आहे ते त्यांच्यामागचे तत्त्व.

आधी पेटीत काय आहे ते पाहू. रेडिओ, मोबाइल किंवा इंटरनेटवरून येणारा आवाज तिच्यात अंकांच्या रूपात येतो, त्या अंकांवर गणिती संस्कार होतात आणि शेवटी तो स्पीकर चालवण्याइतका मोठा केला जातो. पूर्वी या कामांसाठी तीन-चार वेगळ्या पेट्या लागत. "डिजिटल अॅम्प्लिफायर" हे नाव मात्र थोडे फसवे आहे. त्यातील ट्रान्झिस्टर एखाद्या बटणासारखे सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात. आवाजाच्या चढउतारानुसार "चालू" राहण्याचा काळ कमीजास्त होतो. पुढे वेटोळे आणि धारित्र हे तुकडे गुळगुळीत करून स्पीकरकडे पाठवतात. ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहत नसल्याने उष्णता फार कमी निर्माण होते. आमची पेटी मे महिन्यातही कोमटच राहिली. वर्ध्याच्या उन्हाळ्यात हा गुण लहान नाही.

आता खोली पाहू. आपल्याकडची नेहमीची: लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, स्लॅबची उंची १० फूट. सिमेंटचा गिलावा, खाली फरशी. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची लाट पुढे-मागे आपटत राहते. भिंतींमधले अंतर जेव्हा लाटेच्या लांबीच्या निम्मे असते, तेव्हा अनुनाद होतो. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो चढत जातो, तसे हे आहे. हवेतील ध्वनीचा वेग काढण्याचे सोपे सूत्र ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट, उत्तर मीटर प्रतिसेकंदात. २२ अंश सेल्सिअसला तो सुमारे ३४४ येतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. ३४४ ला ७.३२ ने भागले तर ४७ हर्ट्झ. १० फुटांसाठी, म्हणजे ३.०५ मीटरसाठी, उत्तर ५६ हर्ट्झ. पण आमची रुंदी आणि उंची सारखीच! म्हणजे ५६ हर्ट्झचा अनुनाद एकाच्या जागी दोनदा होतो. बांधकाम करताना ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. तबल्याचा बायाँ वाजला की घुमारा का उठत असे, त्याचे उत्तर मिस्त्रीच्या टेपमध्ये होते.

यंत्राची रीत सोपी आहे. मायक्रोफोन ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा. यंत्र खर्जापासून तीक्ष्ण स्वरापर्यंत चढत जाणारी एक शिटी स्पीकरमधून वाजवते आणि पाठवलेला आवाज व पोचलेला आवाज यांची तुलना करते. मायक्रोफोन आसपास हलवून हेच काही वेळा करायचे. खोलीने जे स्वर फुगवले असतील, ते पुढे पाठवतानाच कमी केले जातात. मोजणीच्या वेळी शांतता हवी. जानेवारीत रात्री दहानंतर आम्ही पंखा बंद केला आणि सर्वांना बाहेर बसवले.

परिणाम खरोखर चांगला झाला. बायाँचा घुमारा गेला आणि प्रत्येक थाप वेगळी ऐकू आली. एक बटण दाबून दुरुस्ती काढता-घालता येते, म्हणून मी ते बटण आपल्या हाती ठेवून घरच्यांना न सांगता तपासले. खर्जातला फरक सर्वांनी ओळखला. भिंतीला टेकलेली खुर्ची अडीच फूट पुढे घेतल्यावर तसाच काहीसा फरक फुकटातही पडला, हेही नोंदवले पाहिजे. कारण अशा लाटांचा दाब भिंतीलगत सर्वांत जास्त असतो.

काही स्वर मात्र खोलीत परस्परांना खोडतात आणि ऐकणाऱ्याच्या जागी जवळजवळ नाहीसे होतात. ती भर घालणे यंत्राला जमत नाही. १० डेसिबलची वाढ हवी तर दहापट शक्ती लागते, आणि पाठवलेला जादा आवाजही तितकाच खोडला जातो. चांगले यंत्र अशा ठिकाणी फार हट्ट करत नाही. आमचेही करत नव्हते.

पण मुख्य प्रश्न बाबांचा होता. बातम्या लावल्या. बाबांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "तबला साफ झाला. माणूस तसाच बोलून राहिला."

असे का व्हावे? उत्तरासाठी १८९५ सालच्या अमेरिकेत जावे लागेल. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नव्हते. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकीच्या शिक्षकाकडे ते काम आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील उशा रात्री आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असा क्रम धरला. उशांशिवाय तो वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. त्यातून १८९८ मध्ये सूत्र मिळाले: आवाज विरण्याचा काळ, म्हणजे निनादकाल, बरोबर ०.१६ गुणिले खोलीचे घनफळ भागिले एकूण शोषण. शोषणाचे माप म्हणून सॅबिनने उघडी खिडकी घेतली, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

हे सूत्र आमच्या खोलीला लावू. घनफळ ३४ घनमीटर. गिलावा आणि फरशी आवाजाचा दोन-तीन टक्केच भाग शोषतात. दिवाण, पडदे आणि आम्ही माणसे मिळून एकूण शोषण ५ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढे धरले, तर निनादकाल सुमारे १.१ सेकंद येतो. निनादकाल म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो, म्हणजे एका अक्षराला सुमारे ०.२ सेकंद. तेवढ्यात आमच्या खोलीतील आवाज जेमतेम ११ डेसिबल उतरतो. पुढचे अक्षर येते तेव्हा मागच्याच्या ऊर्जेचा बारावा भाग अजून खोलीत रेंगाळत असतो. बळकट स्वराच्या शेपटीखाली पुढचे नाजूक व्यंजन दबते. तरुण कान संदर्भाने भरून काढतो, म्हातारा कान थकतो. आवाज वाढवला तर शेपटीही तेवढीच वाढते.

यंत्र ही शेपटी कापू शकत नाही. खर्जात लाटा लांब असतात, म्हणून एका जागेची दुरुस्ती शेजारच्या जागेलाही लागू पडते. पण व्यंजने ज्या पट्ट्यात असतात तेथे, समजा २००० हर्ट्झला, लाट १७ सेंटिमीटरची असते. मान थोडी वळवली की हिशोब बदलतो. स्पीकरमधून काय निघावे हे यंत्राच्या हातात आहे. निघालेला आवाज भिंतींवर किती वेळ आपटत राहावा, हे भिंतींच्या हातात आहे.

मग आम्ही सॅबिनचाच मार्ग धरला. आपला जिल्हा कापसाचा, आणि घरात पाहुण्यांच्या चार गाद्या होत्या. प्रत्येक ६ फूट बाय ३ फूट. स्पीकरसमोरच्या आणि एका बाजूच्या भिंतीला त्या उभ्या केल्या. चार गाद्यांचे क्षेत्रफळ ६.७ चौरस मीटर. बोलण्याच्या पट्ट्यात त्या पडलेल्या आवाजाचा ०.७ भाग शोषतात असे धरले, तर शोषण ४.७ ने वाढून ९.७ होते आणि निनादकाल ०.५६ सेकंदावर येतो. आता ०.२ सेकंदात आवाज २१ डेसिबल उतरतो, म्हणजे शेपटी शंभराव्या भागाहूनही कमी उरते.

कागदावरचे खरे की नाही हे तपासण्यासाठी मी परस्परांशी संबंध नसलेल्या शब्दांच्या याद्या मोबाइलवर बोलून ठेवल्या, स्पीकरमधून ऐकवल्या आणि बाबांना लिहायला सांगितले. दर वेळी यादी नवी. केवळ यंत्राच्या दुरुस्तीने चुका फारशा घटल्या नाहीत. गाद्या लावल्यावर त्या निम्म्याहून कमी झाल्या. एका घरातला एक प्रयोग म्हणजे सिद्धता नव्हे, पण दिशा स्पष्ट होती. इतके दिवस आम्ही बाबांच्या कानांना दोष देत होतो, त्यातला मोठा वाटा खोलीचा होता.

वर्ध्याहून आठ किलोमीटरवर सेवाग्रामची बापूकुटी आहे. तिथे हळू बोललेलेही स्वच्छ ऐकू येते. बांबू, चटया, कवेलूंचे छप्पर आणि त्यातल्या फटी यांतून आवाज शोषला जातो किंवा बाहेर निघून जातो. आपण मातीची घरे सोडून स्लॅबखाली आलो. त्यातून टिकाऊपणा मिळाला, पण निनादकालही वाढला. त्याचा हिशोब कोणी केला नाही.

गाद्यांचीही मर्यादा सांगितली पाहिजे. ५६ हर्ट्झची लाट ६ मीटरची. ती नीट शोषायला तिच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे पाच फूट जाडीची गादी लागेल! तिथे यंत्रच कामाचे. मे महिन्यात आणखी एक गंमत झाली. खोलीचे तापमान ३८ अंश झाले, ध्वनीचा वेग वाढला आणि ५६ चा अनुनाद ५८ वर सरकला. जानेवारीची दुरुस्ती थोडी चुकू लागली आणि घुमारा किंचित परतला. कूलर बंद करून घामाघूम होत पुन्हा मोजणी केली, तेव्हा तो गेला.

निष्कर्ष असा. संगीत मन लावून ऐकणाऱ्यासाठी हे यंत्र चांगले आहे. खर्जाची दुरुस्ती खरी आहे, जाहिरातीपुरती नाही. उणिवा दोन. मोबाइलवरील कार्यप्रणालीवाचून त्याचे पान हलत नाही, आणि सारे एकाच पेटीत असल्याने एक भाग बिघडला की सारेच मुके. पण क्रम महत्त्वाचा: आधी बसायची जागा, मग भिंती, मग यंत्र. "खोली सुधारते" हे वर्णन मात्र बरोबर नाही. यंत्र खोलीशी जमवून घेते. आमची गरज शब्दांची होती, म्हणून यंत्र पुतण्याबरोबर परत गेले. गाद्या राहिल्या.

आता आपल्या वर्गाकडे वळू. २५ फूट बाय २० फूट, उंची ११ फूट, म्हणजे १५६ घनमीटर. भिंती, फरशी आणि छताचे शोषण ५.५, चाळीस मुलांचे प्रत्येकी ०.३ प्रमाणे १२. निनादकाल १.४ सेकंद. पाच चौरस मीटर दारे-खिडक्या उघडल्या तर १.१. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गासाठी ०.६ सेकंदाची शिफारस केली आहे. एखाद्या दिवशी आपण शेवटच्या बाकावर बसा, एका विद्यार्थ्याला फळ्याजवळून असंबद्ध शब्दांची यादी वाचू द्या, आणि बाकी सर्वांबरोबर आपणही लिहा. मग मागच्या भिंतीवर जुन्या सतरंज्या टांगून नव्या यादीने तोच प्रयोग पुन्हा करा. मापनाचा याहून स्वस्त पाठ सापडणार नाही.

आणि मागच्या बाकावरच्या ज्या मुलाला आपण "लक्ष नसते" असा शेरा देतो, त्याची वही त्या दिवशी आधी तपासा.