शिक्षा संपते, शेरा राहतो

मिशेल अलेक्झांडर ह्या अमेरिकन वकीलबाईंचे 'द न्यू जिम क्रो' हे पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले. गुलामगिरी गेल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांना वेगळे व खालचे ठेवणारे जे कायदे होते, त्यांना 'जिम क्रो' म्हणत. ते १९६०च्या दशकात गेले. परंतु मादक द्रव्यांविरुद्धच्या मोहिमेने तोच भेद मागील दाराने परत आणला, असे बाईंचे म्हणणे.

आम्ही नर्सचा पेशा केलेली माणसे. गांजाचे कौतुक आम्हांस नाही. कोवळ्या वयात त्याची सवय लागली तर मेंदूला ती बाधते. परंतु औषधाचा डोस आजार पाहून ठरतो, आणि चौथे प्रकरण वाचताना आम्हांस सारखे वाटत राहिले, की येथे डोस कोणी मोजलाच नाही.

१९९०च्या दशकात मादक द्रव्यांच्या अटकांत जी भर पडली, तिच्यातील जवळजवळ ८० टक्के अटका नुसता गांजा जवळ बाळगल्याबद्दलच्या होत्या, असे बाई दाखवतात. अशा खटल्यात तुरुंग थोडा, कधी केवळ दंड. खरी शिक्षा मागून येते. नोकरीच्या अर्जावर 'पूर्वी गुन्हा सिद्ध झाला आहे काय?' हा रकाना अनेकदा असे. १९९८च्या कायद्याने तर कॉलेजची सरकारी मदतही रोखली: पहिल्यांदा एक वर्ष, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा बेमुदत. मारामारीच्या शिक्षेला ही अट नव्हती! ती काढण्याचा कायदा व्हायला २०२० साल उजाडले. मधल्या काळात ज्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण राहून गेले, तिला ते कोण भरून देणार?

घराची गोष्ट त्याहून वाईट. बाईंनी ओकलंड शहरातील सरकारी घरांचा खटला घेतला आहे. त्याच खटल्यातील दोन वृद्ध भाडेकरूंचे नातू इमारतीच्या पार्किंगमध्ये गांजा ओढताना सापडले. आम्हांस ठाऊक नव्हते, असे ती म्हातारी माणसे म्हणाली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भाडेकरूला माहीत असो वा नसो, घरातल्या माणसाच्या वा पाहुण्याच्या अशा गुन्ह्यासाठी त्याला घराबाहेर काढता येते. नातू काय करतो ते आजीला नेहमी कळते, असे ज्यांना वाटते त्यांनी घरात वाढत्या वयाचा नातू ठेवून पाहावा.

पुस्तकात उणिवा आहेत. जुन्या कायद्यांशी केलेली तुलना ठिकठिकाणी ताणलेली वाटते. स्त्रियांविषयी आपण थोडेच लिहिले, हे बाई प्रस्तावनेत सांगून टाकतात, आणि तेच आम्हांस खटकले. मुलाची नोकरी गेली की भाडे कोण भरते? आई. हा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा होता. तरी वाचकांनी पुस्तक जरूर मिळवावे, व चौथे प्रकरण आधी वाचावे.

इस्राएलमध्ये १ एप्रिल २०१९ पासून फौजदारी खटल्याऐवजी दंड आला: तेव्हा तो पहिल्यांदा १००० शेकेल, दुसऱ्यांदा २००० होता. ही सवलत मात्र अल्पवयीन मुलांना व सैनिकांना दिली नाही. म्हणजे आपल्या घरांत ज्या वयाच्या मुलांची काळजी, नेमकी तीच वगळली.