टेबलाखालची डबी
जुन्या संगणकावरून ई-मेल पाठवण्याच्या एका प्रयोगाविषयी

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतील एका शाळेत विज्ञान शिक्षकांचा मेळावा भरला होता. बाहेर पाऊस कौलांवर कोसळत होता आणि वीज दोनदा जाऊन आली होती. अशा वातावरणात एका उत्साही शिक्षकाने व्यासपीठावर एक जुना संगणक मांडला. ३८६ जातीचा, डॉसवर चालणारा, पडद्यावर फक्त हिरवी अक्षरे उमटवणारा. शाळेच्या अडगळीत तो कित्येक वर्षे पडून होता. शिक्षकांनी कळफलकावर इंग्रजीतून चार ओळींचे पत्र टंकित केले आणि पुण्यातील एका माजी विद्यार्थ्याला ई-मेलने पाठवले. दोन मिनिटांत त्याचे उत्तर हिरव्या अक्षरांत पडद्यावर आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत मीही होतो.

टाळ्या थांबल्यावर शाळेच्या समितीचे एक सदस्य उभे राहिले. म्हणाले, "मग सर, नव्या संगणकांसाठी पैसे कशाला मागता? अडगळीत अजून नऊ पडलेत ना!" सभागृहात हशा पिकला. शिक्षकांचा चेहरा मात्र उतरला, कारण नव्या संगणकांच्या मागणीचा अर्ज त्यांनीच केलेला होता. सदस्यांचे तरी काय चुकले? जे दाखवले गेले त्यावरून त्यांनी सरळ निष्कर्ष काढला. प्रयोग पाहणाऱ्याने चुकीचा निष्कर्ष काढला, तर दोष आधी प्रयोगाच्या मांडणीत शोधावा, असे मला वाटते. हा लेख त्या मांडणीविषयी आहे.

काय दिसले आणि काय झाले

संगणकाच्या मागून निघालेली एक केबल टेबलाच्या कापडाखाली जात होती. तिथे तळहातावर मावेल एवढी एक डबी होती. डबी कसली, आजच्या काळातला पुरता संगणकच तो! लिनक्सवर चालणारा आणि शाळेच्या वाय-फायला जोडलेला. जुन्या संगणकावर चालू होता केवळ एक टर्मिनलचा कार्यक्रम. या कार्यक्रमाची कामे दोनच: दाबलेल्या कळीचे अक्षर केबलमधून पलीकडे पाठवणे आणि पलीकडून आलेले अक्षर पडद्यावर उमटवणे. पत्र लिहिले गेले ते डबीत, पत्ता शोधला तो डबीने, गुप्तलेखन केले ते डबीने आणि उत्तर आणले तेही डबीनेच. जुना संगणक हा या प्रयोगात लांब तारेचा कळफलक आणि पडदा एवढाच होता.

यात फसवणूक होती असे मी म्हणत नाही. शिक्षकांनी विचारणाऱ्याला डबी दाखवली असती. पण कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. जादूगाराने टेबलाखाली काय आहे ते सांगू नये, हे ठीक. विज्ञान शिक्षकाने मात्र कापड आधी बाजूला करावे.

गंमत अशी की इतिहास असाच आहे

या प्रयोगाची दुसरी बाजू पाहिली म्हणजे शिक्षकांनी एक मोठी संधी गमावली हे लक्षात येते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. तेव्हा विद्यार्थ्यांना मिळणारे खाते 'शेल' प्रकारचे असे. घरच्या संगणकाने मोडेमवरून दूरध्वनी लावायचा आणि निगमच्या युनिक्स संगणकावर प्रवेश करायचा. पत्र लिहिण्याचा 'पाइन' नावाचा कार्यक्रम चाले तो त्या दूरच्या संगणकावर. घरचा संगणक नुसता टर्मिनल. म्हणजे टेबलाखालची डबी तेव्हाही होती, फक्त ती टेबलाखाली नसून महानगरात होती, आणि मधली केबल म्हणजे दूरध्वनीची तार!

रत्नागिरीसारख्या गावातून हे करायचे तर एसटीडीचा दर मोजत तिथपर्यंत फोन लावणे आले, कारण आरंभी ही सेवा मोजक्या मोठ्या शहरांतच होती. पावसाळ्यात तारेवरची खरखर वाढली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटत, हेही त्या काळाचेच चित्र.

१५ ऑगस्ट १९९५ ही तारीख मुलांना पाठ असते, पण तिच्या आधीचे काही सांगितले जात नाही. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेले एनसीएसटी, म्हणजे सॉफ्टवेअर तंत्रविद्येचे राष्ट्रीय केंद्र, यांचा सहभाग होता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थांत ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली होती. सरकारी कामासाठी एनआयसीचे उपग्रहावर आधारलेले जाळेही जिल्ह्यांच्या मुख्यालयांपर्यंत पोहोचले होते. आपला देश एका सकाळी अचानक 'ऑनलाइन' झाला नाही. व्यासपीठावरच्या त्या ३८६ संगणकाने ही गोष्ट सहज सांगता आली असती.

मग आज हा संगणक एकटा का चालत नाही?

हा प्रश्न मेळाव्यात एका बाईंनी विचारला. त्यांना उत्तर मिळाले की "त्याची शक्ती कमी पडते." हे उत्तर अर्धे बरोबर आहे, आणि अर्धे बरोबर उत्तर वर्गात फार काळ टिकून राहते.

थोडा हिशेब करू. दर सेकंदाला ९६०० बिट हा १९९५ च्या सेवेचा वेग. केबलवर एका अक्षरासाठी आठ बिट, शिवाय आरंभाचा एक आणि शेवटाचा एक, असे दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. ८० रकाने आणि २५ ओळींचा भरलेला पडदा म्हणजे २००० अक्षरे. तो दोन सेकंदांत येतो. आपण त्याहून वेगाने वाचत नाही. तेव्हा साध्या पत्रासाठी जुन्या संगणकाची शक्ती मुळीच कमी नाही. पण आज भ्रमणध्वनीवर काढलेले ३० लाख बाइटचे छायाचित्र पत्राला जोडले, तर ते मजकुरात बसवताना तिनाचे चार होऊन ४० लाख अक्षरे होतात आणि त्याच वेगाने यायला तासाहून अधिक वेळ लागतो. अडचण पत्राची नाही, पत्रासोबत आपण जे पाठवू लागलो त्याची आहे.

जुने संगणक इंटरनेटची भाषा बोलूच शकत नाहीत असेही नाही. मायकेल ब्रुटमन यांनी डॉससाठी लिहिलेला 'एमटीसीपी' हा कार्यक्रमसंच ३८६ च्याही आधीच्या ८०८८ जातीच्या संगणकांवर चालतो.

खरी अडचण कुलपाची आहे. ई-मेल पोहोचवण्याचे मूळ नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढले. त्यात कुलूप नव्हते. पत्र उघड्या पोस्टकार्डासारखे जाई. आज आपला संगणक आणि टपालाचा सर्व्हर यांच्यातील संभाषण गुप्तलेखनात होते. त्यासाठी शेकडो अंकी संख्यांचे गुणाकार-भागाकार करावे लागतात. तेच काम जुन्या प्रोसेसरला जड जाते. हा झाला शक्तीचा भाग.

पण कुलपे बदलतातही. टीएलएस या गुप्तलेखन पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या. मे २०२२ अखेर गूगलनेही नेहमीचा परवलीचा शब्द देऊन टपाल उचलणाऱ्या जुन्या कार्यक्रमांना सर्वसाधारण खात्यांसाठी दार बंद केले. यंत्र धडधाकट असूनही जुनी किल्ली नव्या कुलपाला लागत नाही. शिवाय सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते. जुन्या संगणकातील छोटी बॅटरी मेली की डॉसची तारीख थेट १ जानेवारी १९८० वर जाते. अशा यंत्राच्या दृष्टीने आजचे प्रत्येक प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते!

टेबलाखालची डबी ही किल्लीच बाळगत होती. बाईंच्या प्रश्नाला हे उत्तर द्यायला हवे होते.

"सर, मराठीत लिहा ना"

मदतीला आलेल्या नववीतील एका मुलीने हे म्हटले होते. त्यावर "जुन्या संगणकाला मराठी येत नाही" असे उत्तर मिळाले. मला ते खटकले. डॉसच्या काळात आयआयटी कानपूर येथील संशोधनातून पुढे आलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने प्रसारात आणलेले 'जिस्ट' कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटत असे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये ठरले. म्हणजे संगणकाला मराठी येत होते. फक्त आजचे मराठी आणि तेव्हाचे मराठी वेगवेगळ्या संकेतांत लिहिले जाते.

'नमस्कार' हा शब्द घ्या. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हे. इस्कीमध्ये सात बाइट. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात दर चिन्हाला तीन, म्हणजे २१ बाइट. तेच ई-मेलच्या जुन्या वाटेने जाण्यासाठी साध्या रोमन अक्षरांत गुंडाळले की २८ अक्षरे. जुन्या टर्मिनलला यूटीएफ-८ ठाऊक नाही, त्यामुळे तो प्रत्येक बाइटला आपल्या तक्त्यातील भलतेच चिन्ह लावतो आणि पडद्यावर कचरा दिसतो. हे गणित आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येते. मुलीचा प्रश्न हा त्या दिवसाचा सर्वांत चांगला प्रश्न होता आणि त्यालाच सर्वांत तोकडे उत्तर मिळाले.

जुने म्हणजे किती जुने?

समितीच्या सदस्यांना द्यायचे उत्तर यातूनच मिळते. १९९० च्या सुमाराचा ३८६ आणि २०१२ च्या सुमाराचा संगणक या दोघांनाही आपण 'जुना' म्हणतो, पण दोघांत फार अंतर आहे. दुसऱ्यावर आजची लिनक्स प्रणाली बहुधा चालते, नवी कुलपे उघडतात, मराठी नीट उमटते. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे अनेक शाळांतील चांगले चालणारे संगणक अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. ते आधी वाचवावेत. ३८६ ने मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जाणार नाहीत. त्याच्या नावावर नवी यंत्रे नाकारणे म्हणजे बैलगाडीने गाव गाठता येतो म्हणून एसटी बंद करणे होय. आणि उलट, तो भंगारात देणे म्हणजे उत्तम शैक्षणिक साधन किलोच्या भावाने विकणे.

कारण शिकवण्यासाठी ३८६ खरोखर उत्तम आहे. आजच्या भ्रमणध्वनीत सारे काही एका बोटाच्या स्पर्शामागे दडले आहे. जुन्या संगणकात प्रत्येक पायरी वेगळी दिसते. माझी सूचना अशी. हाच प्रयोग पुन्हा करावा, पण कापड काढून. डबी टेबलावर ठेवावी आणि तिच्यावर 'मी १९९५ मधला सर्व्हर' अशी पाटी लावावी. बाहेरच्या इंटरनेटला न जोडता डबीवरच एक टपाल-सर्व्हर चालवावा आणि मुलांना त्याच्याशी हाताने बोलू द्यावे. मुलगा 'हेलो' म्हणून आपले नाव सांगतो, सर्व्हर २५० हा आकडा देऊन होकार देतो. मग पाठवणारा कोण, घेणारा कोण, हे सांगायचे. 'डेटा' म्हटले की ३५४ येते, म्हणजे मजकूर सांगा. शेवटी एका ओळीवर एकटा ठिपका दिला की पत्र संपले.

या खेळात कोणीतरी खोडकर मुलगा पाठवणाऱ्याच्या जागी मुख्याध्यापकांचे नाव घालणारच. घालू द्यावे. मूळ नियमांनुसार सर्व्हर ते निमूटपणे स्वीकारतो. खोट्या नावाने येणाऱ्या पत्रांवर विश्वास का ठेवू नये आणि आज एवढी कुलपे का लागतात, हे त्या एका खोडीतून जितके कळेल तितके दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

त्या शिक्षकांनी अडगळीतून यंत्र काढले, पुसले, चालू केले, केबल स्वतः जोडली. असे हात आपल्याकडे थोडे आहेत आणि म्हणूनच ही टीका लिहावीशी वाटली. पुढच्या मेळाव्यात त्यांनी हाच प्रयोग पुन्हा मांडावा. या वेळी समितीच्या त्या सदस्यांना पहिल्या रांगेत बसवावे आणि सुरुवातीलाच म्हणावे, "साहेब, आधी ही डबी बघा."