तारामतीने तलवार उचलली

मराठी मुलखाला एवढा मोठा किनारा लाभला. पण आरंभीच्या बोलपटांत समुद्र शोधू गेल्यास प्रथम आठवतो तो ‘प्रभात’चा ‘अमर ज्योती’ (1936). भाषा हिंदी, पण घडवणारे हात आपले: दिग्दर्शन शांतारामांचे, कथा के. नारायण काळे यांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे.

पोटच्या मुलावरचा हक्क नाकारला गेलेली सौदामिनी चाचेगिरी पत्करते, राजसत्तेची जहाजे लुटते, जुलमी दुर्जयाला कैद करते. ही सौदामिनी म्हणजे दुर्गा खोटे. 1932 साली शांतारामांच्याच ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती होत्या: नवऱ्याच्या वचनापायी विकली गेलेली, मुलाच्या मृत्यूचे दुःखही मुकाट गिळणारी. अवघ्या चार वर्षांत तीच सोशिक मान ताठ झाली. या चित्रपटाचे खरे मोल इथे आहे.

दोष नाहीत असे नव्हे. दर्यावरचे रोजचे जिणे त्यात बेताचेच. चेंबूरच्या माझ्या वर्गात माहुलच्या कोळ्यांची मुले असतात. चित्रपट पाहून त्यांतल्या एकाने विचारले, “सर, ह्यांना भरती-ओहोटी नसते काय?” प्रश्न रास्त होता. पण मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “तिला जमिनीवर जागाच कुठे होती?”

तिने मर्म पकडले. सौदामिनीचा समुद्र खलाशांचा नव्हे. नवऱ्याचा कायदा जिथे पोहोचत नाही, अशी ती एकच जागा. या दिवाळीत लेकीसुनांसह हा चित्रपट जरूर पाहावा, आणि पाहून झाल्यावर घरात थोडे भांडावेही.