उद्याची काळजी कोणी करावयाची?

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मी गेली काही वर्षे नागपुरातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गाला शिकवतो आहे. चळवळीतील मित्रांना याचे नवल वाटते. एका ब्राह्मण बाईच्या संसाराची हकीकत. नवरा ख्रिस्ती झाला हीच काय ती त्यातली वादळी घटना. त्यात आपल्या माणसाने काय शोधावयाचे, असे एका अभ्यासवर्गात मला विचारण्यात आले होते. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते पुढे वर्गातल्याच एका मुलाने दिले. हा मुलगा रात्री एका मोठ्या दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर काम करतो आणि सकाळच्या तासाला अर्धवट झोपेतच येतो. त्या दिवशी मी रेव्हरंड टिळकांच्या निरिच्छ वृत्तीवर बोलत होतो. हाती आलेला पैसा ज्याने मागितला त्याला देऊन मोकळे होणारा हा कवी, उद्याचे काय हा विचार त्याच्या मनाला शिवत नसे, असे काहीसे माझे चालले होते. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, टिळकाइले काळजी नव्हती, कारन का थे सारी बाईच्या डोक्यावर होती.” वर्ग हसला. मी तास तसाच पुढे रेटला; पण घरी येऊन पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा काढले.

या कथेचा आपल्या नागपूरशी संबंध आहे. नारायण वामन टिळक १८९० नंतरच्या वर्षांत येथे होते. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांचे लेखन चालू होते, ‘ऋषी’ नावाचे मासिकही ते चालवीत. येथून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अन्नवस्त्राची आणि उद्याची चिंता सोडून द्या, हा पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला देऊन केलेला उपदेश त्याच प्रवचनात आहे. टिळकांनी तो तंतोतंत पाळला असे म्हणावे लागेल. किंबहुना ख्रिस्ती होण्याच्या आधीपासूनच ते तो पाळीत आले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाने त्यांच्या मूळ स्वभावाला धर्माची मान्यता तेवढी दिली.

परंतु चिंता कोणी टाकून दिली म्हणून नाहीशी होत नसते, ती घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जाते. ‘स्मृतिचित्रे’ हा त्या चिंतेचा जमाखर्च आहे. नवरा सांगून गेला की न सांगता, परत केव्हा येणार, जेवायला किती माणसे घेऊन येणार, डब्यात काय उरले आहे, या प्रश्नांनी पुस्तकाची पाने भरली आहेत. टिळक ख्रिस्ती झाल्यावर लहान दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे नातेवाइकांच्या आसऱ्याने राहिल्या. त्या काळात त्यांना स्वतःचे म्हणावे असे छप्पर नव्हते. मराठी समीक्षेने या पुस्तकाच्या विनोदाचे, साध्या भाषेचे भरपूर कौतुक केले आहे, आणि ते रास्तच आहे. पण तो विनोद कोठून येतो याची चौकशी फारशी झाली नाही. रोज ज्याला उद्याची जुळवाजुळव करावी लागते, त्याचा तो विनोद आहे. आमच्या वस्तीतल्या बायका नळावर असाच विनोद करतात.

आता आपल्या भाषेकडे पाहा. मराठीत आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. मन पोखरणाऱ्या गोष्टीला आणि दुसऱ्याला जपण्याला आपल्या लोकांनी एकच शब्द ठेवला. मला वाटते, हे अनुभवातून आलेले शहाणपण आहे. ज्याने कधी काळजी केली नाही त्याला ती घेता येईल काय? टिळकांविषयी अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, ते ढोंगी नव्हते. ते देत, आणि अंगावरचे काढून देत. पण देणे आणि काळजी घेणे यांत फरक आहे. देणारा देऊन निघून जाऊ शकतो. ज्याला घरात आणले त्याला सकाळी काय खाऊ घालावयाचे, त्याचा ताप उतरला की नाही, हे मागे राहिलेल्या माणसाला पाहावे लागते.

लक्ष्मीबाईंचे बालपण ज्या घरात गेले तेथे सोवळ्याचे वेड होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय वडील घरात घेऊ देत नसत. टिळकांकडे परत आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले होते. मग एका क्षणी, कोणी पाद्रीबोवाने शिकवले म्हणून नव्हे, तर जात देवाने केली की माणसाने हा प्रश्न स्वतःलाच विचारून त्यांनी ती सोडून दिली. हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी घडले. विद्यार्थ्यांना मी हा क्रम नेहमी लक्षात ठेवावयास सांगतो. त्यानंतर दुष्काळ आला, प्लेग आला, आणि त्या घरात निराधार पोरे येत राहिली. ‘नकोशी’ म्हणून ठरलेली एक मुलगी त्या घरची तारा झाली. कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हेही अहमदनगरला याच घरात पोटच्या मुलासारखे राहिले. एवढ्या तोंडांची काळजी ज्या बाईने केली, तिला उद्याची चिंता सोडा असे सांगणारे वचन रोज ऐकावे लागले असेल! तिने ते ऐकले आणि पीठ मोजले. मला ‘स्मृतिचित्रे’ मोठे वाटते ते येथे. ख्रिस्ती श्रद्धा तिने नाकारली नाही, पण चिंतेला पाप मानण्याचेही नाकारले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच जातीचे आहे. आईबाप दुष्काळात गमावून भावाबरोबर देशभर पायी भटकलेली ही बाई. १८९६-९७च्या दुष्काळात ती आपल्या या मध्य प्रांतात आली आणि येथून शेकडो निराधार मुलींना घेऊन गेली. केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थना होती, तशी शेती, विणकाम आणि छापखानाही होता. देव पुरवील असे ती म्हणे आणि विहीरही खणून घेई.

मित्रांचा आक्षेप मात्र येथे संपत नाही, आणि संपू नये. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याने घर सोडले, वतन सोडले, गोत सोडले, याची कथा होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ज्या महार-मांगांनी गावोगावची चर्चे उभी केली, त्यांच्या बेघरपणाची कथा झाली नाही. कारण सोडण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हतेच. त्याग करावयास आधी मालकी असावी लागते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात बाबा पदमनजी येतात, रमाबाई येतात, टिळक पतिपत्नी येतात. ज्यांच्या घामावर मंडळी उभी राहिली ते जनगणनेच्या आकड्यात राहतात.

तरीही या इतिहासात एक पान आपले आहे आणि ते त्या सर्वांच्या आधीचे आहे, असे म्हटले तरी चालेल. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती पत्रात छापून आला. मांग-महारांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून तेथे इमारती उठवल्या गेल्या, पायात माणसे पुरली गेली, हे ती सांगते. आणि पुढे सांगते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते. थंडी-पावसात उघड्यावर होणाऱ्या बाळंतपणाविषयी मराठीत इतके सरळ याआधी कोणी लिहिले असल्यास मला ते दाखवावे. याच ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून टिळकांकडे आले. उद्याची चिंता सोडा हे वचन मुक्ताला कसे ऐकू आले असते? तिची चिंता उद्याची नव्हतीच. ती त्याच रात्रीची होती.

हे मी पुस्तकी म्हणून लिहीत नाही. माझे बालपण नाल्याकाठच्या एका वस्तीत गेले. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. बापाच्या वाट्याला हातगाडी आली. आईजवळ एक पत्र्याची पेटी होती. तीत रेशनकार्ड, माझा शाळेचा दाखला आणि जातीचा दाखला प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असे. “पानी आला का आधी थे पेटी काढजो, मंग भांडे,” हे तिने मला सहाव्या वर्षी शिकवले. एकदा पाणी नव्हे, माणसे आली आणि दुपारपर्यंत आमची ओळ सपाट झाली. पेटी वाचली. मी पदवीधर झालो त्यात माझ्या बुद्धीचा वाटा किती आणि त्या पेटीचा किती, हे मला आजही ठरवता येत नाही. नंतर एका सद्गृहस्थाने, चांगल्या मनाने, आईला सांगितले होते की बाई, चिंता करू नका, देवावर भार टाका. आई काही बोलली नाही. तिने पेटी उशाला घेतली.

पण मूळ वचन कोणाचे आहे, हेही आपण पाहिले पाहिजे. कोल्ह्यांना बिळे असतात, आपल्याला मात्र डोके टेकावयास जागा नाही, असे सांगणाऱ्या माणसाचे ते वचन आहे. आणि परक्याला घरात घेतले की नाही यावर माणसाचा निवाडा होईल, असेही त्यानेच सांगितले आहे. उघड्यावर झोपणारा उघड्यावरच्याला ‘भिऊ नको’ म्हणतो तेव्हा तो धीर असतो. तेच शब्द दुमजली घराच्या गॅलरीतून आले की त्यांचा अर्थ ‘गप्प राहा’ असा होतो. धर्मचिकित्सा करताना आपण शब्दांकडे पाहतो, ते कोठे उभे राहून उच्चारले गेले हे पाहावयाचे राहून जाते.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी गिबन या इतिहासकाराची आठवण काढली होती. ख्रिस्ती धर्म हा भिकाऱ्यांचा धर्म, अशी त्याने थट्टा केली होती. आरंभी गोरगरिबांनीच तो धर्म उचलून धरला, याकडे बाबासाहेबांना लक्ष वेधावयाचे होते. त्याच नागपुरात मार्च २०२३ मध्ये सी-२० परिषदेच्या तोंडावर कलम १४४ खाली चौकाचौकांतून भीक मागण्यावर बंदी घालण्यात आली. पाहुणे येणार म्हणून गरीब झाकावयाचे! २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर नोंदली गेली, आणि ज्यांना रात्री शोधावयाचे त्यांची ती मोजणी किती पुरी झाली असेल याची शंका आहेच. १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने तर निवाऱ्याआधी कोंडवाड्याची सोय केली. उलट दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात, रस्त्यावर चादर टाकून झोपतात, आणि वस्त्यावस्त्यांतून भाजी-पोळीचे ढीग निघतात. त्या दोन-तीन रात्री याच शहराला उघड्यावरचा माणूस अडचण वाटत नाही, निदान आपल्या भागात तरी. उरलेल्या रात्रींचा हिशेब आपल्याकडेही मागितला पाहिजे. विहारे आपण पुष्कळ बांधली. त्यांतली किती रात्री उघडी असतात?

यंदा मी अंतर्गत परीक्षेचा प्रश्न बदलला. पूर्वी ‘टिळकांची निरिच्छता’ असे. या वेळी ‘लक्ष्मीबाईंची काळजी’ असा दिला. बहुतेक मुलींनी आपल्या आईविषयी लिहिले. पुस्तकातले संदर्भ कमी आले, त्याचे गुण मी कापले नाहीत. टपरीवरच्या मुलाने अर्धेच पान लिहिले होते. त्यात टिळकही नव्हते आणि बाईही नव्हत्या. दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर झोपणारे रोग्यांचे नातेवाईक होते. कोण गडचिरोलीकडचा, कोण बालाघाटचा, कोणाचा पेशंट आत किती दिवसांपासून आहे, कोणाजवळ पांघरूण नाही, आणि कोणाचे चहाचे पैसे त्याने वहीत लिहून ठेवले आहेत. पंधरापैकी त्याला मी बारा दिले.