नाईमाचं यंत्र, नेलीची धून

टेनर सॅक्सोफोन आधी पोचतो, पियानो मागाहून. म्हणजे पियानो वाजत असतोच, पण शेजारच्या बिऱ्हाडात कुणीतरी वाजवत बसलंय आणि मधली भिंत जाड आहे, असा. बास ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. त्यावर माणसांचा गलका. ब्लू नोट कंपनीनं १९९३ साली ही टेप 'डिस्कव्हरी!' या नावानं बाजारात आणली, उद्गारचिन्ह त्यांचंच. मी पहिल्यांदा ती लावली आणि पाच मिनिटांत बंद केली. दुसऱ्यांदा लावली ती टेपरेकॉर्डर कुणी नेला होता हे कळल्यावर.

न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या क्लबात तो घरगुती टेपरेकॉर्डर घेऊन गेली होती नाईमा कोल्ट्रेन. सॅक्सोफोनवर तिचा नवरा जॉन. पियानोवर थेलोनियस मंक. नवऱ्याचं वादन आपल्यापाशी असावं, एवढ्याच हेतूनं केलेलं काम. तिला काही कंपनी काढायची नव्हती.

उद्गारचिन्ह का, हे समजायला १९५७ सालात जावं लागतं. त्या वर्षीच्या वसंतात माइल्स डेव्हिसनं कोल्ट्रेनला आपल्या बँडमधून काढलं. कारण हेरॉइन. कोल्ट्रेननं फिलाडेल्फियाच्या घरी राहून ते व्यसन सोडलं आणि मग मंकच्या घरी त्याच्या रचना शिकायला जाऊ लागला. मंकची स्थितीही फार बरी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायला पोलिसांचं ओळखपत्र लागे. मंकचं ते १९५१ मध्ये काढून घेतलं होतं, ते १९५७ मध्ये परत मिळालं. मग त्या उन्हाळ्यापासून वर्ष सरेपर्यंत मंकची चौकडी 'फाइव्ह स्पॉट'मध्ये वाजवत राहिली. एक माणूस सहा वर्षांनी क्लबात परतलेला, दुसरा नुकताच शुद्धीवर आलेला. कोल्ट्रेनची एकल फेरी चालू असताना मंक पियानोवरून उठे आणि मंचावर स्वतःभोवती गिरक्या घेत नाचे. खाली उरत ते बास, ड्रम आणि मोकळं रान मिळालेला कोल्ट्रेन.

ज्यांनी हे ऐकलं त्यांनी पुढची कित्येक वर्षं इतरांना ऐकवलं, आपल्याकडे सवाईतल्या जुन्या पहाटांच्या गोष्टी ऐकवतात तसं. ध्वनिमुद्रण मात्र जवळजवळ नाहीच. कोल्ट्रेन प्रेस्टिज कंपनीशी बांधलेला, मंक रिव्हरसाइडशी, आणि दोन्ही कंपन्यांचं जमलं नाही. त्या चौकडीनं स्टुडिओत वाजवलेल्या तीन चिजा १९६१ पर्यंत पडून होत्या. म्हणून १९९३ साली नाईमाची टेप निघाली तेव्हा जाणकारांना वाटलं, अखेर त्या उन्हाळ्यातली एक रात्र सापडली.

पण ती रात्र त्या उन्हाळ्यातली नव्हती.

हा भाग मला संगीताइतकाच रंगतदार वाटतो. टेप स्वतः तारीख सांगत नाही. ती वाजवणाऱ्यांच्या हातांवरून काढावी लागते. १९५७ च्या चौकडीत ड्रमवर शॅडो विल्सन होता, आणि या टेपवर आहे रॉय हेन्स. बासवर अहमद अब्दुल मलिक. मलिक आणि हेन्स ही जोडी मंकबरोबर दिसते ती १९५८ च्या उन्हाळ्यात, त्याच 'फाइव्ह स्पॉट'मध्ये, जॉनी ग्रिफिन सॅक्सोफोनवर असताना. रिव्हरसाइडनं त्या मुक्कामाची दोन ध्वनिमुद्रणं काढली आहेत. कोल्ट्रेन तर १९५८ च्या आरंभीच माइल्सकडे परत गेला होता. मग तो इथं कसा? बदली म्हणून. ग्रिफिनच्या जागी आलेला. संशोधकांनी अखेर तारीख ठरवली ११ सप्टेंबर १९५८. म्हणजे आपण ज्याला पाच महिन्यांच्या सहवासाचा पुरावा समजत होतो तो जुन्या गुरूकडे पाहुणा म्हणून आलेल्या शिष्याचा निघाला.

दुसरी भानगड वेगाची. पहिल्या आवृत्तीत टेपचा वेगच चुकलेला होता. वेग हलला की पट्टीही हलते, आणि मंकच्या रचना ठरलेल्या स्वरात वाजत असल्यामुळे चूक पकडता आली. पुढच्या वर्षीच्या संचात ती दुरुस्त झाली. आपल्यापैकी ज्यांनी खाजगी बैठकींच्या कॅसेटींच्या प्रती काढून वाटल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. एका डेकवरून दुसऱ्या डेकवर जाता जाता काळी एकमध्ये गाणारा बुवा पांढरी दोनच्या दिशेनं सरकतो आणि ऐकणारा म्हणतो, काय तरुण आवाज लागलाय! आमच्याकडे अशी एक कॅसेट आहे. तिच्यावर मामाच्या अक्षरात दोनच शब्द आहेत : 'कोल्हापूर, पाऊस.' गाणारा आवाजावरून ओळखता येतो. पाऊस कुठल्या वर्षीचा, ते मामाबरोबर गेलं.

खोक्यावरच्या अशाच तुटपुंज्या अक्षरांनी २००५ साली खरा चमत्कार घडवला. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या जुन्या टेपांचं डिजिटलीकरण चालू होतं. तिथले लॅरी ॲपलबॉम यांच्या हाती कार्नेगी हॉलमधल्या १९५७ च्या एका कार्यक्रमाच्या टेपा आल्या. एका खोक्यावर लिहिलं होतं 'टी. मंक'. कोल्ट्रेनचं नाव नव्हतं. त्यांनी टेप लावली आणि टेनर ओळखला.

तो कार्यक्रम २९ नोव्हेंबर १९५७ चा. हार्लेममधल्या मॉर्निंगसाइड कम्युनिटी सेंटरच्या मदतीसाठी होता आणि त्यात बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, रे चार्ल्स, सॉनी रोलिन्स अशी मंडळी होती. मंकच्या चौकडीचे दोन खेळ झाले, एक रात्रीचा, एक मध्यरात्रीचा. व्हॉइस ऑफ अमेरिका परदेशांसाठीची वाहिनी. १९४८ च्या कायद्यानं तिचा माल देशातल्या लोकांपुढे मांडायला मनाई होती. ज्या शहरात हे संगीत घडलं त्या शहरानं रेडिओवरही ते ऐकलं नाही, यामागे हेही एक कारण. सरकारी वाहिनीनं उत्तम माइक लावून टिपलं, नीट खोक्यात ठेवलं आणि सगळे विसरले. अठ्ठेचाळीस वर्षं!

आता ऐकू या.

'मंक्स मूड'नं सुरुवात. पियानो एकटा. क्लबातले पियानो मंकच्या वाट्याला कसेही येत. इथं कार्नेगी हॉलचा भला मोठा पियानो आहे, आणि मंक तो वाजवण्याआधी जणू चाचपून बघतोय. खालून वरपर्यंत एक हात सरकतो, परत खाली घरंगळतो. लय बांधलेलीच नाही. आलापाइतकी सैल आहे. मग कोल्ट्रेन धून धरतो. तो तिला सजवत नाही, नुसती उच्चारतो, एकेक स्वर भरपूर हवेनं. त्याच्या दोन ओळींमध्ये जी जागा सुटते तिथं मंक पुन्हा ती घरंगळ टाकतो. हीच चीज दोघांनी एप्रिलमध्ये स्टुडिओत वाजवली होती, ड्रमशिवाय. तिथला कोल्ट्रेन जपून पावलं टाकतो, परक्या घरात टाकावीत तशी. नोव्हेंबरमध्ये त्याला उंबरा कुठे आहे आणि दिव्याचं बटण कुठे आहे ते अंधारातही ठाऊक आहे. त्या पाच महिन्यांनी काय केलं, हे मला या एका चिजेत सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं.

'एव्हिडन्स' म्हणजे पुरावा. या नावाची गंमत अशी, की ही रचना 'जस्ट यू, जस्ट मी' या जुन्या गाण्याच्या स्वरसंगतीच्या सांगाड्यावर उभी आहे. जस्ट यू, जस्ट मी, म्हणजे जस्ट अस. त्याचं झालं जस्टिस. न्याय म्हटला की पुरावा आलाच. मंकचा विनोद असा, आणि त्याचं संगीतही असंच : मधले दुवे काढून टाकायचे आणि फक्त टोकं ठेवायची. मुखडा ऐका. त्यात स्वर आहेत त्यापेक्षा शांतता जास्त. एक ठोका इथं, दुसरा भलतीकडेच, आणि समेवर तर शक्यतो काहीच नाही. ड्रमवाला कच्चा असेल तर हा मुखडा कोसळेल. शॅडो विल्सन कच्चा नव्हता. त्याची झांज इतकी हलकी आणि इतकी सरळ चालते, की तिच्यावर मंकचे तिरके ठोके वाळत घातल्यासारखे लोंबतात. दीड-दोन वर्षांत विल्सन वारला, १९५९ मध्ये. त्याच्या हाताची नजाकत इतक्या स्वच्छ ऐकवणाऱ्या जागा थोड्याच. ही त्यांतली एक. मुखडा संपतो आणि कोल्ट्रेन त्या सगळ्या रिकाम्या जागा भरत सुटतो. मंकनं जिथं एक स्वर ठेवला तिथं हा वीस ठेवतो, तरी सांगाडा मोडत नाही. मला नेहमी वाटतं की इथं गुरूनं गणित फळ्यावर फक्त उत्तरासह मांडलंय आणि शिष्य पायऱ्या लिहून दाखवतोय.

'स्वीट अँड लव्हली' मंकची नाही, बाजारात चाललेली प्रेमाची धून. मंक ती संथ, जरा आंबट करून वाजवतो. पुढे लय दुप्पट होते आणि कोल्ट्रेनला मोकळं मैदान मिळतं. 'ब्लू मंक' मी भरभर पुढे सरकवतो. उत्तम आहे, पण त्यात कुणाचीच परीक्षा नाही.

'क्रेपस्क्यूल विथ नेली' ही मात्र थांबून ऐकण्याची. नेली मंकची बायको. १९५७ मध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती, ती इस्पितळात होती, आणि मंक त्या दिवसांत ही धून लिहीत होता. जॅझमधली बहुतेक प्रत्येक रचना ही पुढच्या उत्स्फूर्त विस्तारासाठीची खुंटी असते. ही नाही. मंकनं ती लिहिली तशीच वाजवली. कुणालाही तिच्यात एकल फेरी घेऊ दिली नाही, स्वतःलाही नाही. कार्नेगी हॉलमध्ये कोल्ट्रेन, एरवी ज्याला थांबवणं मुश्कील तो, मुकाट्यानं धुनीमागे चालतो. तो संयमही मला वादनच वाटतो.

आता नाईमाची टेप परत लावा. तिच्यातही 'क्रेपस्क्यूल विथ नेली' आहे. एका वादकाच्या बायकोसाठी लिहिलेली धून दुसऱ्या वादकाची बायको स्वस्तातल्या यंत्रावर टिपून घेत्येय. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, कोल्ट्रेननं 'नाईमा' रचली. तीही अशीच संथ, आणि तिच्याही मूळ ध्वनिमुद्रणात तो सॅक्सोफोनवर विस्तार घेत नाही, धून मांडून थांबतो. मी यातून कार्यकारणाचा धागा काढत नाही. पण दोन्ही एकामागून एक ऐकल्यावर तो मनात आल्याशिवाय राहत नाही.

त्याच टेपवरची 'ट्रिंकल, टिंकल' १९५७ च्या स्टुडिओतल्या रूपाशी ताडून पाहण्यासारखी आहे. धून पायऱ्यांवरून गोट्या सांडाव्यात तशी. स्टुडिओत मंक मधेच हात काढून घेतो आणि कोल्ट्रेन बास-ड्रमबरोबर एकटा जातो. तिथं तो अजून वाट शोधतोय. सप्टेंबर १९५८ मध्ये तो वाट शोधत नाही, एकाच वेळी चार वाटांनी धावतो. त्या वर्षी आयरा गिटलर या समीक्षकानं त्याच्या या वादनाला 'स्वरांच्या चादरी' म्हटलं होतं. खालून हेन्सचा स्नेअर त्याला सतत टोचत राहतो. विल्सननं गालिचा अंथरला होता, हेन्स खडे पेरतो. आवाज वाईट आहे, पियानो दूर आहे, तरी कोल्ट्रेनच्या अंगातली घाई इथंच कळते. कार्नेगीची टेप अधिक पूर्ण, अधिक सुंदर, आणि मंक ऐकायचा तर तीच. कोल्ट्रेनसाठी मी नाईमाकडे जातो.

मध्यरात्रीच्या खेळातली शेवटची 'एपिस्ट्रफी' दोन मिनिटं आणि वर काही सेकंद चालते आणि तुटते. रिळावर पुढे काही नाही. २००५ च्या सप्टेंबरात ब्लू नोटनं ती तशीच छापली, ओढून-ताणून शेवट लावला नाही, हे बरं केलं.

हे ऐकून झाल्यावर एक काम करा. घरातल्या कपाटात, माळ्यावर, बाबांच्या नाहीतर मामाच्या ट्रंकेत बैठकीची कॅसेट किंवा स्पूल असेल, तर खोक्यावर गाव आणि वर्ष लिहा, आणि गाणाऱ्याच्या नावाखाली तबल्याला कोण होतं तेही लिहा. ज्यांना ते आठवतंय त्यांना याच आठवड्यात फोन करा.