आवडले म्हणता, पण पाहिले का?

कळंबोलीत रविवारची सायंकाळची मिस्सा आटोपली, की मंडळी लगेच पांगत नाहीत. आठवडाभर कोणी तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या केलेल्या असतात, कोणी स्टील मार्केटमध्ये मालाच्या पावत्या फाडलेल्या असतात, कोणी मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकावरून पहाटेची मुंबईची गाडी धरलेली असते. निवांतपणे एकमेकांचे तोंड पाहण्याची हीच काय ती वेळ. आमच्या युवक मंडळाने या वेळेचा एक उपयोग शोधून काढला आहे. महिन्यातून एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गखोलीत पंचवीस-तीस माणसे जमतात आणि अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी बोलतात. चहा असतो, कधी कोणाच्या घरचे बटाटेवडे असतात, आणि वाद तर असतोच. आम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकतो. धर्मगुरू तोंड उघडतो तेव्हा मंडळी माना डोलावू लागतात आणि वाद जागीच मरतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

आमच्या या धर्मग्रामात वसईची कुटुंबे आहेत, अहिल्यानगर-जालन्याकडून आलेली आहेत, कोकणी बोलणारी आहेत, केरळची आहेत. सिडकोने वसवलेल्या गावाचे हे वैशिष्ट्यच म्हणायचे, की येथे फारसे कोणाचे आजोळ नाही. त्यामुळे एकाच चित्रपटाला पाच गावांचे डोळे लागतात.

गेल्या वर्षी एका बैठकीत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चा विषय काढला. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट त्याने इतरांनाही पाहायला लावला होता. गटाराच्या कामात मेलेल्या एका सफाई कामगाराच्या मृत्यूचा ठपका एका वृद्ध शाहिरावर ठेवला जातो. का, तर म्हणे त्याच्या गाण्यामुळे त्या कामगाराने आत्महत्या केली. हा खटला तारखांमागून तारखा खात राहतो. कॅमेरा दूर उभा असतो, हलत नाही, कोणाच्या डोळ्यांत डोकावत नाही. मंडळी वैतागली होती. “कोर्टात दिवस घालवायचा तर पनवेलला जातो की!” असे एकाने म्हटले आणि हशा पिकला. तरुण चिडला. ‘तुम्हांला कळत नाही’ इथपर्यंत गोष्ट गेली. मग कोणीतरी ते नेहमीचे वाक्य उच्चारले: “जाऊ द्या, ज्याची त्याची आवड.” खुर्च्या सरकू लागल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरील एक निवृत्त परिचारिका बोलल्या. “ती फर्नांडिस बाई पाहिली का कोणी?” कोणी पाहिली नव्हती; म्हणजे डोळ्यांसमोरून गेली होती, पण दिसली नव्हती. चित्रपटात ती जेमतेम काही क्षण येते. न्यायालयात तिची पाळी लागते आणि तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे या कारणावरून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकण्याचे नाकारतात, पुढची तारीख देतात. झाले. पुढचे प्रकरण. “आपल्या बायका सिनेमात नाचताना, पिताना पुष्कळ बघितल्या,” त्या बाई म्हणाल्या, “रांगेत बसून कंटाळलेली ही मी पहिलीच बघितली.”

खोली शांत झाली. हिंदी पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. ‘बॉबी’तला ब्रगान्झा, ‘अमर अकबर अँथनी’तला दारू पिऊन आरशाशी गप्पा मारणारा अँथनी गोन्साल्विस. (त्या नावामागे माजोर्ड्याचे एक खरेखुरे व्हायोलिनवादक आणि संगीतगुरू होते, संगीतकार प्यारेलाल यांचे शिक्षक, ही हकीकत आपल्या मुलांना माहीत असू द्यावी.) या पात्रांवर आपण रागावतो आणि त्यांच्या गाण्यांवर लग्नात नाचतोही. पण त्या परिचारिका बाईंनी जे केले ते तक्रार करण्याहून वेगळे होते. त्यांनी एक गोष्ट पाहिली होती आणि ती इतरांना दाखवली. दूर उभ्या राहिलेल्या त्या कॅमेऱ्याचे कारण मग आपोआप उलगडू लागले. त्या न्यायालयात शाहीर आणि फर्नांडिस बाई यांना सारखेच मोजले जाते, आणि कॅमेरा जवळ गेला असता तर आपण एकाचे झालो असतो, दुसरी निसटली असती. वैतागलेल्या गृहस्थांना चित्रपट त्यानंतरही आवडला नाही. मात्र ते पुन्हा खाली बसले.

‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य सभ्य आहे. ते भांडण मिटवते, घरात शांतता राखते. तरीही आम्हांला ते खटकते, कारण ते बोलणे सुरू होण्याआधीच संपवते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांची सौंदर्याविषयीची एक छोटी व्याख्या आम्ही घोकली होती: जे पाहिले असता सुख देते ते सुंदर. परीक्षेत आम्ही ‘सुख देते’ या शब्दांवर दोन पाने लिहिली. ‘पाहिले असता’ या शब्दांवर एक ओळही लिहिली नाही. आज वाटते, की सारा भर तेथेच आहे. सुखाविषयी वाद घालणे व्यर्थ असेल, पण पाहण्याविषयी वाद घालता येतो, आणि तोच खरा चित्रपटाचा वाद. तू काय पाहिलेस? मी का नाही पाहिले? ते तेथे आहे, की तू आपल्या मनातून घातलेस? या प्रश्नांना उत्तरे असतात, ती तपासता येतात, आणि तपासताना माणसाचे मत बदलू शकते.

हे शहाणपण आम्हांला उशिरा आले. 1991 साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ प्रदर्शित झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बाया टोळ्या करून तो पाहायला गेल्या. आमची आई शेजारणींबरोबर गेली आणि डोळे सुजवून परतली. आम्ही तेव्हा सेमिनरीतून सुटीवर आलेलो होतो. ‘पथेर पांचाली’ आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहून झालेले, अंगात नवा वारा शिरलेला. आम्ही त्या चित्रपटाची यथेच्छ टिंगल केली. आईने पदराने नाक पुसले आणि विचारले, “तू बघितलास का?” आम्ही तो पाहिलेला नव्हता. पाहिला तो आई गेल्यावर, दूरचित्रवाणीवर. चित्रपट म्हणून तो आम्हांला आजही ढोबळ वाटतो. दुःखावर दुःख रचले आहे, खलपात्रांना दुसरा रंगच नाही. परंतु अलका कुबल यांची ती सोसणारी लेक पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. आमची आई स्वतःच्या सासरविषयी आम्हां मुलांसमोर आयुष्यात कधी एक शब्दही बोलली नव्हती. त्या अंधारात तीन तास तिला रडण्याची मुभा होती आणि कोणी कारण विचारणार नव्हते. 2023 साली केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला पुन्हा तशाच टोळ्या निघाल्या, या वेळी हसत आणि गॉगल लावून. आमच्या कळंबोलीच्या महिला मंडळाने रिक्षा केल्या. मंगळागौरीच्या खेळाचा तो चित्रपट, पण आमच्या बायांना त्यातल्या सहा बहिणी सख्ख्या वाटल्या. या बत्तीस वर्षांत काय बदलले याचा अभ्यास कोणी करायचा असेल तर हे दोन चित्रपट शेजारी ठेवावेत.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या घराकडेही पाहिले पाहिजे. 1936 साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी एक परिपत्रक काढले. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी अशोभनीय चित्रपट न पाहण्याची जी शपथ घेण्यास सुरुवात केली होती तिचे त्यात कौतुक होते, आणि देशोदेशीच्या बिशपांनी लोकांकडून अशी शपथ घ्यावी, चित्रपटांच्या वर्गवार याद्या प्रसिद्ध कराव्यात, असे सुचवले होते. (त्याच वर्षी पुण्यात प्रभात कंपनीत ‘संत तुकाराम’ तयार होत होता, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसने त्याची दखल घेतली, भक्तिपटाचा याहून शुद्ध नमुना आम्हांला ठाऊक नाही.) याद्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु यादीने एक सवय लावली: न पाहता मत बनवण्याची.

त्याच ख्रिस्तसभेने ती सवय मोडलीही. पिएर पाओलो पासोलिनी हा इटालियन दिग्दर्शक मार्क्सवादी आणि नास्तिक होता; 1963 साली एका लघुपटाबद्दल त्याच्यावर धर्मनिंदेचा खटला चालला होता. 1964 साली त्याने संत मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढला. दक्षिण इटलीतल्या गरीब गावांत, नट नसलेल्या माणसांना घेऊन, संवाद शुभवर्तमानातलेच ठेवून. वार्धक्यातील मरियेच्या भूमिकेत स्वतःची आई. चित्रपट त्याने पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला. व्हेनिसला कॅथलिक चित्रपट संघटनेच्या परीक्षकांनी त्यालाच आपला पुरस्कार दिला. त्यांनी माणसाचे नाव पाहून यादी उघडली असती तर हे घडले नसते. 1995 साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची जी यादी दिली तीत पासोलिनीचा हा चित्रपट आहे. त्या यादीत अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ आहे, भारतीय दिग्दर्शकाचा मात्र एकही नाही. ‘संत तुकाराम’ही नाही. म्हणजे यादी करणाऱ्यांनीही सगळे पाहिले नव्हते, असे आम्ही आदरपूर्वक म्हणतो.

आणि आमचे काय? एप्रिल 2016 मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. गावोगावी मुले त्याच्या गाण्यांवर वेडी झाली. आम्ही तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो, आणि तेथल्या वेदीवरून आम्ही पालकांना बजावले, की हा चित्रपट मुलांना पळून जाण्यास शिकवतो. तो आम्ही पाहिलेला नव्हता. आईचा प्रश्न आठवला असता तर बरे झाले असते.

दोन महिन्यांपूर्वीच्या बैठकीत ‘सैराट’चा विषय निघाला. अहिल्यानगरकडचे एक गृहस्थ उठून म्हणाले, “गाणी चांगली. बाकी तो पिक्चर घरात लावू नये, तेव्हा फादरांनीच चर्चमध्ये सांगितलं होतं.” ते फादर आम्ही नव्हतो, पण असू शकलो असतो, आणि आमचे कान तापले. त्यांची मुलगी दोन रांगा मागे बसली होती. तिच्या लग्नाचा प्रश्न वर्षभर त्या घरात अडला आहे. मुलगाही बाप्तिस्मा झालेला, मिस्सेला नियमित येणारा आहे. अडचण अन्यत्र आहे, आणि ती कोणती हे वाचकांनी ओळखले असेल. आपल्यात जात नाही, असे आम्ही व्यासपीठावरून किती वेळा म्हटले असेल! लग्नाच्या चिठ्ठ्या वाचायची वेळ आली, की आडनावे ऐकणारे कान वेगळेच असतात. (दोघांच्या अनुमतीने एवढेच लिहीत आहोत.)

मुलगी रागावली नाही. तिने विचारले, “पप्पा, शेवटी आवाज का बंद केला असेल?”

ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे आठवेल. हैदराबादच्या वस्तीत, दोशांची गाडी आणि बाटल्यांचा कारखाना यांच्या आधाराने, आर्ची आणि परश्या यांचा संसार उभा राहिलेला असतो. माहेरून भेटी घेऊन भाऊ येतो. आई चहा करते. आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेले त्यांचे तान्हे मूल घरी परतते तेव्हा पडद्यावरचा सगळा आवाज नाहीसा झालेला असतो. अजय-अतुल यांच्या भरगच्च वाद्यवृंदाने तीन तास भरलेल्या त्या चित्रपटात हे मौन उगाच आलेले नाही. पूर्वार्धात प्रेम हे गाणे होते, प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. त्याच शिट्ट्या मारणाऱ्यांना दिग्दर्शक शेवटी अशा जागी आणून उभा करतो, की त्यांना स्वतःचा श्वास ऐकू यावा. मूल रडते, पण ते रडणे आपल्याला ऐकू येत नाही. ते चालू लागते आणि मागे फरशीवर त्याची तांबडी पावले उमटतात. जो चित्रपट पळून जायला शिकवतो तो असा संपत नाही. पूर्वार्धाची लांबी आणि संथ गतीच्या चित्रणाचा सोस हे दोष आम्ही अवश्य दाखवू; पण आमच्या त्या प्रवचनाशी या चित्रपटाचा काही संबंध नव्हता, हे येथे कबूल करतो.

गृहस्थ बराच वेळ उभे होते. मग ते म्हणाले, “शेवट मी बघितलेला नाही.” कोणी हसले नाही. बैठक तेथेच संपली, बटाटेवडे उरले.

तीन आठवड्यांनी, सकाळच्या मिस्सेनंतर, ते वस्त्रागाराच्या दाराशी थांबले होते. रात्रपाळी करून थेट आले असावेत, हातात डबा होता. चित्रपट त्यांनी मोबाईलवर पाहिला होता, पहिल्यांदाच पुरता. मुलीच्या लग्नाविषयी ते काही बोलतील म्हणून आम्ही वाट पाहिली. त्याविषयी ते बोलले नाहीत. “फादर,” ते म्हणाले, “त्या लेकराचं पुढं काय झालं असंल?”