आधी श्रवण, मग कीर्तन

नवविधा भक्तीचा क्रम लावताना भागवतकारांनी पहिले आसन श्रवणाला दिले, कीर्तनाला दुसरे. गाणारा थोर खरा. परंतु ऐकणारा त्याच्याही आधीचा. हा क्रम आपण देवळातच बसून विसरलो की काय, अशी शंका गेल्या उत्सवात आली.

रांध्याहून फारशा दूर नसलेल्या एका देवालयाच्या सभामंडपात शास्त्रीय गायनाची बैठक होती. देवालयाचे व गायकाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. बुवांनी पूरिया आरंभिला. हा राग मंद्र सप्तकात रमणारा. गंधार-निषादाच्या आधाराने तो सावकाश उलगडतो. स्वर जुळून येतात न येतात तोच सायंआरतीची घंटा झाली. बुवा थांबले व हात जोडून बसले. घंटेविषयी आमची तक्रार नाही. ज्याचे घर, त्याचा मान पहिला. आरतीची वेळ ठाऊक असूनही बैठक त्याच घटकेला लावणाऱ्या व्यवस्थापकांचा तो दोष.

आरतीनंतर जे घडले त्याला मात्र देवाची सबब नव्हती. पुढल्याच रांगेत एकाचा मोबाईल वाजला आणि त्याने तेथेच बसून व्यवहाराची बोलणी उरकली. दुसऱ्याने चित्रणासाठी दिव्याचा झोत बुवांच्या डोळ्यांवर धरला. मागे पत्रावळींची मोजदाद सुरू झाली. ध्वनिक्षेपकवाल्याने आवाज चढविला, तसा मंडळींनीही आपला चढविला. अखेर बुवांनी विलंबित ख्याल आवरता घेतला व द्रुत चीज धरली. तानांचा वर्षाव झाला, टाळ्या पडल्या, आणि बैठक रंगली असे म्हणत सर्व मंडळी प्रसादाला उठली.

आमचा आक्षेप येथेच आहे. गलबल्याने ऐकणे बिघडते हे सर्वांस कळते. गाणेच बदलते, हे कोणी ध्यानी घेत नाही. कोलाहलात प्रथम बुडतात ते हळुवार स्वर, मींड आणि खर्जातील आलाप. जे पोहोचतच नाही ते गवयाने किती काळ गावे? तो ते टाकून देतो. असा श्रोता वर्षानुवर्षे मिळाला, तर पुढच्या पिढीचे गवई ते शिकणारही नाहीत.

गोमंतकातील केरीच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) ध्वनिक्षेपकाविना गाणे पसंत करीत. अशा गायनाचा निम्मा भार श्रोत्यांच्या शांततेवर असतो. शांतता म्हणजे मुकेपणा नव्हे. समेवर उत्स्फूर्त निघालेली दाद हा आपल्या बैठकीचा प्राणच आहे. पण दाद देण्यासाठी सम कळावी लागते, आणि ती कळण्यासाठी ऐकावे लागते.

शिवाय आता वेळही थोडा उरला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकींनाही त्यामुळे लगाम बसला. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी ते योग्यच. परंतु जी घटका हाती उरली, ती तरी आपण उधळू नये.

उपाय अवघड नाहीत. बैठक आरतीनंतर मांडावी. राग चालू असेतो घंटेचा लोलक बांधून ठेवावा. मोबाईल बंद करून बसावे. ये-जा दोन चिजांच्या मधल्या अवकाशात करावी. पंक्तीची तयारी मंडपाबाहेर व्हावी. रडणाऱ्या लेकराला घेऊन माउली उठते, तेव्हा तिला वाट द्यावी; तिच्याकडे डोळे वटारू नयेत.

आणखी एक गोष्ट आपल्या या भूमीने तरी विसरू नये. १९५४ साली दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाला निधी हवा होता. सुधीर फडके यांच्या पुढाकाराने पुण्यात हिराबागेच्या मैदानावर कार्यक्रम झाला, आणि मंगेशीच्या दीनानाथांची कन्या लता मंगेशकर त्यासाठी गायल्या. त्याच वर्षी २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. गाण्याचे एवढे ऋण ज्या मातीवर आहे, तिथल्या सभामंडपात गवयाला आपला आलाप अर्धा टाकावा लागू नये, एवढेच मागणे.